परदेशात जाताना सक्तीची लस वेगळी आणि गरजेची लस वेगळी

प्रश्न असा आलाय की दोन महिन्यांनी केनिया आणि तिथून पुढे टांझानिया अशी दोन आठवड्यांची ट्रिप आहे, सोबत दीड वर्षाचा मुलगा आणि ६६ वर्षांची आई (शुगर आणि बीपी दोन्ही). ट्रॅव्हल एजंट म्हणतोय यलो फीव्हरची एक लस घेतली की झालं, बाकी काही लागत नाही. हे खरं का, आणि बाकी तब्येतीची काय काळजी घ्यायची?

एजंट खोटं बोलत नाहीये. "लागत नाही" हे त्याचं म्हणणं विमानतळाच्या काउंटरपुरतं बरोबर आहे. मी बरीच वर्षं प्रवाशांना लशी देणं आणि परत येऊन आजारी पडलेल्यांना तपासणं ही दोन्ही कामं करतेय, आणि सगळ्यात जास्त गोंधळ मला इथेच दिसतो. सक्तीची लस मुळात तुमच्यासाठी नसतेच, ती त्या देशासाठी असते, तुम्ही आजार घेऊन तिकडे जाऊ नये म्हणून. ज्या लशी आणि गोळ्या तुम्हाला वाचवतात त्या कुठलाच अधिकारी तुमच्याकडे मागत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं की त्यांची गरजच नाही. पूर्व आफ्रिकेला जाणाऱ्या माणसाला खरी भीती मलेरियाची असते, आणि मलेरियाबद्दल विमानतळावर कोणी चकार शब्द काढत नाही.

आधी यलो फीव्हर उरकून घेऊ. हा आजार आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत आहे, आशियात नाही. पण तो पसरवणारा एडिस डास मात्र आशियात भरपूर आहे (डेंग्यूवाला तोच), म्हणून भारतासारखे देश या बाबतीत फार कडक असतात. आजार असलेल्या देशातून सर्टिफिकेट नसताना आलात तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. म्हणजे जाताना कोणी विचारलं नाही तरी परत येताना विचारू शकतात, हे लक्षात ठेवा. दुसरं म्हणजे नियम तुम्ही कुठल्या देशाचे यापेक्षा तुम्ही कुठून येताय यावर चालतो. तुम्ही केनियातून टांझानियात जाताय आणि केनिया यलो फीव्हर असलेल्या देशांच्या यादीत आहे, म्हणून टांझानियाच्या सीमेवर सर्टिफिकेट मागणार, आणि एक वर्षाच्या वरच्या सगळ्यांना मागणार म्हणजे तुमच्या मुलालाही. यादीतल्या एखाद्या देशात नुसतं विमान बदलायला १२ तासांपेक्षा जास्त थांबलात तरी बरेच देश ते "तिथून आलात" असंच धरतात. म्हणून स्वस्त तिकिटाच्या नादात भलत्या देशात लांबलचक थांबा घेण्याआधी हे बघा.

लस घेतल्यावर १० दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, त्याआधी ते नुसतं कागद. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. आधी दर १० वर्षांनी परत घ्यावी लागायची, ११ जुलै २०१६ पासून तो नियम गेला, आणि तुमचं जुनं कार्ड "एक्स्पायर" झालेलं दिसत असलं तरी ते आता आयुष्यभरासाठी वैधच आहे. ही लस सगळीकडे मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते. कुपी एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते त्यामुळे बरीच केंद्रं ठराविक दिवशीच बोलावतात. सुट्टीच्या सीझनमध्ये तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा दोन महिने आहेत म्हणून निवांत राहू नका.

आणि लस घेतल्यावर ते सर्टिफिकेटचं पिवळं पुस्तक हातात आलं की तिथल्या तिथे, खुर्चीवरून उठायच्या आधी वाचा. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच आहे का, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये आहे की नाही तेसुद्धा, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, लशीचा बॅच नंबर, डॉक्टरची सही, केंद्राचा शिक्का. स्वतःचीही सही करायची असते, ती बहुतेक जण विसरतात. मुलाचं वेगळं पुस्तक, त्यावर सही पालकांची. यात खाडाखोड असेल तर अधिकारी ते नाकारू शकतो, म्हणून चूक दिसली तर पेनाने गिरवून घेऊ नका, नवीनच लिहून मागा.

आता आईंचा मुद्दा, आणि इथे जरा थांबून विचार करायला हवा. यलो फीव्हरची लस ही जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची असते. बहुतेकांना काही होत नाही, दोन दिवस अंग दुखतं, फार तर थोडा ताप. पण साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेणाऱ्यांमध्ये गंभीर त्रास व्हायचं प्रमाण तरुणांपेक्षा जास्त असतं. दुर्मीळच, पण झाला तर लिव्हर, किडनी किंवा मेंदूवर जातो. म्हणून ६६ व्या वर्षी "सगळे घेतायत म्हणून आईंनाही देऊन टाका" असं करू नये. शुगर आणि बीपी असणं ही अडचण नाही, त्यामुळे लस अडत नाही. अडते ती कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असेल, स्टेरॉइडचे मोठे डोस किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, छातीतल्या थायमस ग्रंथीचा आजार किंवा ऑपरेशन झालेलं असेल, किंवा अंड्याची जीवघेणी ॲलर्जी असेल तर. अशा वेळी डॉक्टर त्याच पुस्तकात "वैद्यकीय कारणाने लस देता येत नाही" असं लिहून सही-शिक्का देतात. पण ते पत्र मानायचं की नाही हे त्या त्या देशाच्या हातात असतं, म्हणून त्यांच्या दूतावासाला आधी विचारून ठेवा. आणि खरं सांगायचं तर लस देता येत नाही आणि आजार खरंच पसरलेल्या भागात जायचंय अशी वेळ आली तर मी जागा बदला असंच सांगते, पत्राने डास थांबत नाहीत. लहान बाळांत सहा महिन्यांच्या आत ही लस अजिबात देत नाहीत, नऊ महिन्यांनंतर नेहमी देतात, त्यामुळे तुमच्या दीड वर्षाच्या मुलाला काही प्रॉब्लेम नाही.

दोन महिने हातात आहेत ते एका वेगळ्याच कारणाने कामाला येणार आहेत. जिवंत विषाणूच्या दोन लशी इंजेक्शनने द्यायच्या असतील तर एक तर त्याच दिवशी द्याव्या लागतात नाहीतर मध्ये किमान २८ दिवस जावे लागतात. मुलाचा गोवरवाला एमएमआरचा दुसरा डोस राहिलेला असेल (पहिल्यानंतर चार आठवडे झाले की दुसरा देता येतो, शाळेच्या वयापर्यंत थांबायची सक्ती नाही) तर तो आत्ता घ्या आणि यलो फीव्हर चार आठवड्यांनी. एमएमआर आणि यलो फीव्हर एकाच दिवशी दिल्या तर प्रतिकारशक्ती जरा कमी तयार होते असं दिसलंय, म्हणून वेळ असेल तर मी वेगळ्याच देते. बाकीच्या ज्या मेलेल्या विषाणूच्या किंवा जंतूच्या तुकड्याच्या लशी आहेत, टायफॉइड, हेपेटायटिस, धनुर्वात, रेबीज, त्या कधीही कशाही सोबत दिल्या तरी चालतात, एका दिवशी दोन्ही दंडात मिळून तीन-चार दिल्या तरी शरीराला काही ओझं होत नाही, फक्त दंड दुखतो.

गोवर हा परदेश प्रवासाचा आजार म्हणून कोणाच्या डोक्यातच येत नाही. पण तो हवेतून पसरतो, आजारी माणूस खोलीतून गेल्यावर दोन तासांपर्यंत तिथली हवा लागण करू शकते, आणि विमानतळांवर जगभरातली माणसं एका छताखाली असतात. युरोप-अमेरिकेतही गोवराच्या साथी येतात. त्यामुळे कुठेही जा, मुलाची नेहमीची लस पूर्ण असणं ही पहिली गोष्ट. सहा ते अकरा महिन्यांचं बाळ परदेशी जात असेल तर त्याला गोवराचा एक डोस आधीच देतात, तो नेहमीच्या दोन डोसांत धरत नाहीत. तुम्हा मोठ्यांनी धनुर्वाताचं (घटसर्पासहित येतं ते) शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा, दहा वर्षं झाली असतील तर एक बूस्टर. आईंना फ्लूची लस द्या आणि न्यूमोनियाची घेतली नसेल तर तीही. शुगर असलेल्या माणसाला प्रवासात फ्लू झाला की दोन दिवसांत सगळा हिशोब बिघडतो, आणि या लशी तशाही घ्यायलाच हव्या होत्या.

टायफॉइड आणि हेपेटायटिस ए या दोन्ही पाण्यातून आणि खाण्यातून येणाऱ्या. टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस सहा महिन्यांच्या बाळापासून चालते आणि जुन्या लशीपेक्षा जास्त टिकते (जुनीचा परिणाम साधारण तीन वर्षं), पण कुठलीच टायफॉइडची लस शंभर टक्के नाही, ती घेतली म्हणून नळाचं पाणी प्यायला मोकळे असं नाही. हेपेटायटिस ए ची लस मात्र जबरदस्त आहे, पहिला डोस निघायच्या आदल्या आठवड्यात घेतला तरी उपयोग होतो, दुसरा सहा महिन्यांनी परत आल्यावर घ्या म्हणजे वर्षानुवर्षं चालेल. तुमच्या आईंच्या पिढीला हा आजार लहानपणीच न कळत होऊन गेलेला असण्याची शक्यता बरीच असते, रक्त तपासलं की कळतं आणि लस वाचते. हेपेटायटिस बी चे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांना असतात, मुलाला ते नेहमीच्या वेळापत्रकात मिळालेले असतील. तुम्हा दोघांना घाई असेल तर काही लशी ०, ७ आणि २१ व्या दिवशी अशाही देता येतात, मग वर्षाने एक चौथा.

रेबीज. यावर माझं मत जरा ठाम आहे. लहान मूल सोबत असेल तर मी रेबीजची आधीची लस सुचवतेच. मुलं कुत्र्या-माकडाच्या मागे लागतात, उंचीने लहान असल्यामुळे चावा तोंडावर-डोक्यावर बसतो, आणि ओरखडा आला तर ती घरी सांगतही नाहीत, तुमचं तर बोलतही नसेल अजून नीट. एकदा लक्षणं दिसली की रेबीजला इलाज नाही. २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटनेने दोनच डोस पुरेत असं सांगितलंय, आज एक आणि सातव्या दिवशी एक. आधी घेतलेली असेल तर चावल्यावर फक्त दोन डोस लागतात, आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही, हा खरा फायदा. कारण जखमेत टोचायचं ते इम्युनोग्लोब्युलिन लहान गावात, सफारी कॅम्पजवळ, बेटांवर मिळत नाही, लोक त्याच्यासाठी ट्रिप सोडून विमान पकडून दुसऱ्या देशात गेलेत. बालीला जाणाऱ्यांनाही हेच सांगते, तिथे २००८ पासून रेबीज आहे आणि मंदिरातली माकडं खांद्यावर घेऊन फोटो काढायची हौस सगळ्यांना.

लस घेतलेली असो वा नसो, चावलं किंवा ओरबाडलं की पहिलं काम म्हणजे जखम धुणं. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, घड्याळ लावून पूर्ण १५ मिनिटं. १५ मिनिटं ही प्रत्यक्षात खूप लांब वाटतात, बहुतेक जण एक-दोन मिनिटांत थांबतात. हळद, मिरची, चुना, तेल काही लावायचं नाही, पट्टी घट्ट बांधायची नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर. "कुत्रा पाळलेला आहे, घरचा आहे" हे ऐकून सोडून द्यायचं नाही.

मलेरिया. आता मुख्य गोष्ट. जगात दरवर्षी साधारण ६ लाख लोक मलेरियाने जातात आणि त्यातले ९५ टक्के आफ्रिकेत. तिथला मलेरिया मुख्यतः फाल्सिपॅरम जातीचा, जो दोन-चार दिवसांत माणसाला आयसीयूत नेतो. "आम्हाला लहानपणी मलेरिया झालाय, सवय आहे" असं म्हणणारे दर महिन्याला भेटतात, त्या सवयीचा इथे काही उपयोग नाही. आफ्रिकेत जन्मलेले लोकसुद्धा काही वर्षं बाहेर राहून घरी भेटायला गेले की आजारी पडतात कारण ती अर्धवट प्रतिकारशक्ती टिकत नाही. पर्यटकांसाठी मलेरियाची लस नाही (आफ्रिकेत देतात ती तिथल्या लहान मुलांसाठी आहे), त्यामुळे गोळ्या. नैरोबी शहर उंचावर असल्यामुळे तिथे धोका कमी, पण मसाई मारा, किनारपट्टी, व्हिक्टोरिया सरोवराचा भाग, झांझिबारसकट टांझानियाचा बहुतेक भाग, इथे गोळ्या हव्यातच.

गोळ्यांचे तीन मुख्य प्रकार. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू, रोज एक, आणि त्या भागातून परतल्यावर ७ दिवस. साइड इफेक्ट कमी, मुलांना वजनाप्रमाणे देता येते, दुधासोबत किंवा जेवणासोबत घ्यायची कारण रिकाम्या पोटी ती शरीरात नीट जात नाही, आणि घेतल्यापासून तासाभरात उलटी झाली तर परत द्यायची. डॉक्सीसायक्लिन स्वस्त आणि चांगली, पण परतल्यावर ४ आठवडे घ्यावी लागते, उन्हाने कातडी भाजते, आणि रात्री एक घोट पाण्यासोबत गिळून आडवं झालं की अन्ननलिकेत चिकटून जखम होते, म्हणून ग्लासभर पाणी आणि अर्धा तास बसून. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना चालत नाही. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, दोन-तीन आठवडे आधीपासून सुरू करायची, पण डिप्रेशन, फिट्स, किंवा मानसिक त्रासाचा इतिहास असेल तर नको, आणि काहींना भयानक स्वप्नं पडतात. तुमच्या घरासाठी मी पहिली निवडेन, आईंच्या शुगर-बीपीच्या गोळ्यांबरोबर सहसा अडचण येत नाही, पण रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा किडनी कमजोर असेल तर आधी सांगा, किडनी फारच कमजोर असेल तर ती देत नाहीत. सगळ्यात कॉमन चूक म्हणजे परत आल्यावर बंद करणं. ट्रिप संपली, डास संपले, गोळी कशाला. पण परजीवी आधी लिव्हरमध्ये बसतो आणि रक्तात यायला किमान आठवडा लागतो, शेवटच्या रात्री चावलेल्या डासाचा हिशोब त्या शेवटच्या गोळ्या करतात.

गोळ्या असल्या तरी डास चावू द्यायचे नाहीत, कारण डेंग्यू, चिकुनगुन्यावर गोळी नाही. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, डेंग्यूचा दिवसा, म्हणजे क्रीम दोन्ही वेळेला. क्रीम किंवा स्प्रे घेताना डब्यावर २० ते ५० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिन असं लिहिलेलं बघून घ्या, नुसता "हर्बल" वास असलेले बॅण्ड आणि स्टिकर हे पैशाची नासाडी. सनस्क्रीन आधी, ते सुकलं की वर डासांचं क्रीम, उलटं नाही. मुलाला लावताना क्रीम आधी तुमच्या हातावर घ्या आणि मग लावा, त्याच्या तळहातावर नको, तो तोंडात घालणार. डीटने प्लास्टिक विरघळतं, घड्याळाचा पट्टा आणि चष्मा सांभाळा. जाता जाता एक गंमत, सेरेंगेटीकडे त्सेत्से नावाची मोठी माशी असते, ती दिवसा चावते, क्रीमला फारशी दाद देत नाही, आणि तिला निळा आणि काळा रंग आवडतो, तिला पकडायचे सापळेसुद्धा त्याच रंगाच्या कापडाचे करतात. तेव्हा निळी जीन्स घरी ठेवा, खाकी किंवा फिके पूर्ण बाह्यांचे कपडे न्या. आणि व्हिक्टोरिया सरोवरात पोहायला उतरू नका, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमधून निघणाऱ्या बिलहार्झिया या आजाराच्या अळ्या कातडीतून आत शिरतात. क्लोरीनचा स्विमिंग पूल आणि समुद्र चालेल.

पोट बिघडणं हे सगळ्यात जास्त वेळा होणार, त्यामुळे त्याची तयारी करूनच जा. सीलबंद बाटलीचं नाहीतर उकळलेलं पाणी (खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं), दात घासायलाही तेच, बर्फ नाही, आणि वाफा येणारं गरम खाणं, बुफेत तासभर कोमट पडलेलं नाही. ओआरएसची पाकिटं जास्तच न्या. पाकिटावर एक लिटर लिहिलंय म्हणजे एक लिटरच, अर्ध्या ग्लासात घट्ट करून दिलं तर मुलाचे जुलाब वाढतात आणि सोडियम वर जातं. मुलाला चमच्याने, थोडं थोडं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. जुलाब थांबवायची लोपेरामाइड गोळी लांबच्या बसप्रवासात मोठ्यांना उपयोगी, पण ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर नाही, आणि लहान मुलाला कधीच नाही. अँटिबायोटिक डॉक्टरकडून लिहून न्या आणि फक्त जोरात असेल तरच घ्या.

आईंच्या बाबतीत एक गोष्ट फार कमी डॉक्टर आपणहून सांगतात. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असताना शुगर-बीपीच्या काही गोळ्या तशाच चालू ठेवल्या तर किडनीला मार बसतो. मेटफॉर्मिन, लघवीतून साखर घालवणाऱ्या "ग्लिफ्लोझिन" संपणाऱ्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, आणि "प्रिल" किंवा "सार्टन" संपणाऱ्या बीपीच्या गोळ्या, यातल्या कुठल्या तात्पुरत्या थांबवायच्या आणि परत कधी सुरू करायच्या हे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरकडून एका कागदावर लिहूनच घ्या. इन्सुलिन असेल तर ते कधीही थांबवायचं नाही, डोस बदलेल फक्त. आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत, कारण खालच्या सामानात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला बरं दिसलं तरी कामाचं नसतं. ग्लुकोमीटर, पट्ट्या, थोडी साखर, सगळं हातातच. औषधं ट्रिपपेक्षा आठवडाभर जास्त, मूळ पाकिटात, आणि प्रिस्क्रिप्शनवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव, कारण ब्रँड दुसऱ्या देशात कोणी ओळखत नाही.

औषधांवरून आठवलं, हे इतर देशांना जाणाऱ्यांसाठी. सर्दीच्या साध्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असतं, ते १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर जपानमध्ये न्यायला बंदी आहे, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी. दुबई-अबुधाबीला कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉल आधी परवानगी काढल्याशिवाय नेऊ नका. हज-उमराला मेनिन्जायटिसची चार प्रकारांवरची लस सक्तीची आहे, किमान १० दिवस आधी घेतलेली. काही देशांतून निघणाऱ्यांना पोलिओचा डोस निघायच्या चार आठवडे ते बारा महिने आधी घ्यावा लागतो. आशियात ग्रामीण भागात महिनाभर वगैरे राहणार असाल तर जपानी मेंदूज्वराची लस, आणि मध्य आणि पूर्व युरोपात उन्हाळ्यात जंगलात ट्रेकिंग असेल तर गोचिडीतून येणाऱ्या मेंदूज्वराची लस, शहरात फिरून येणाऱ्याला दोन्हीची गरज नाही. गरोदर असाल तर जिवंत लशी बंद, आणि मलेरिया किंवा झिका असलेल्या भागात शक्य असेल तर जाऊच नका. उंचावर (ल्हासा, कुस्को, किलिमांजारो) जाणाऱ्यांनी ३००० मीटरनंतर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि कोणी सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालताना झोकांड्या खायला लागलं तर सकाळची वाट न बघता रात्रीच खाली आणायचं.

विमानात आईंनी दर तास-दीड तासाने उठून चालायचं, पाणी प्यायचं, पोटऱ्या हलवायच्या. पायात आधी कधी रक्ताची गाठ झाली असेल तर दाब देणारे मोजे, ॲस्पिरिन स्वतःहून नाही. इन्शुरन्स काढताना शुगर-बीपी लपवू नका, दोनचार पैसे वाचतात आणि क्लेमच्या वेळी सगळंच नाकारलं जातं, आणि पॉलिसीत आजारी माणसाला मोठ्या हॉस्पिटलला विमानाने हलवायचा खर्च आहे का ते बघा, सफारीच्या भागात तोच सगळ्यात मोठा खर्च असतो. अजून एक, परदेशात प्रवासी संसर्गाने दगावतात त्यापेक्षा कितीतरी जास्त हार्ट अटॅक आणि रस्त्यावरच्या अपघाताने दगावतात. म्हणून जीपमध्ये बेल्ट, मुलाची कार सीट आधी बुक करून, आणि रात्रीचा हायवे टाळा. आईंना न्यायचं का असं तुम्ही थेट विचारलं नाहीत पण प्रश्नात ते दिसतंय. शुगर कंट्रोलमध्ये असेल, जिना चढताना छातीत दुखत नसेल, आणि यलो फीव्हरच्या लशीबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोलणं झालं असेल तर न्या. मला मुलाची जास्त काळजी आहे. दीड वर्षाच्या मुलाला मलेरियाच्या भागात नेणं टाळता येत असेल तर टाळा, त्याला यातलं काही आठवणार नाहीये. नेणारच असाल तर गोळ्या, क्रीम आणि औषध लावलेली मच्छरदाणी यात एक दिवसही सूट नाही.

परत आल्यावर पहिले तीन महिने कोणालाही ताप आला, अगदी साधा वाटला, सर्दीसोबत आला, गोळ्या नियमित घेतलेल्या असल्या तरी, त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरच्या केबिनमध्ये शिरल्यावर पहिलं वाक्य "मी आफ्रिकेतून आलोय" हेच बोला, कारण विचारलं नाही तर व्हायरल समजून पॅरासिटामॉल देऊन पाठवतात आणि मधले दोन दिवस महाग पडतात. वर्षभरात कधीही ताप आला तरी प्रवासाचा उल्लेख करा. डेंग्यूची शंका असेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल, ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन नाही. आणि मलेरियाची पहिली टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही, ताप राहिला तर १२ ते २४ तासांनी परत, असं एकूण तीनदा तपासून घ्या.